हाकेचं नाव

नवा कॉम्प्युटर आईसाठी घेतला होता, हे दुकानदाराला शेवटपर्यंत पटलं नाही. घाटकोपरच्या त्या दुकानात मी तीनदा सांगितलं की वापरणाऱ्या बाईंचं वय ऐंशीच्या पुढे आहे, त्यांना लिहायचं नाही, हिशेब करायचा नाही, कुणाला काही पाठवायचंही नाही. तो म्हणाला, "मॅडम, सगळं टाकून देतो ना, लागेल ते वापरा." आणि त्याने खरोखर सगळं टाकून दिलं. दुकानदारीची बिलं बनवायचं सॉफ्टवेअर, घराचा नकाशा काढायचं, गाण्यांतून गाणाऱ्याचा आवाज वेगळा करायचं. पहिले दोन रविवार मी ते सगळं काढून टाकण्यात घालवले. आमच्याकडे काही आणायचं म्हटलं की आधी आणलेलं फेकण्यातच निम्मा जन्म जातो.

आई विसरायला लागली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आधी वस्तू, मग रस्ते, मग माणसं. मी लग्न केलं नाही, विक्रोळीच्या ह्याच वन रूम किचनमध्ये तिच्याबरोबर राहिले, म्हणून आपला नंबर सगळ्यात शेवटी लागेल असं मी मनाशी धरून चालले होते. धाकटा भाऊ बोरीवलीला राहतो. तो त्या आधीच्या गणपतीपासूनच तिच्या लेखी 'कोण तो चष्मेवालो' झाला होता. मी अजून शिल्लक होते, पण सकाळपुरती. मी ऑफिसला निघताना दारात उभी राहून ती विचारायची, "डबो घेतलंस?" त्या दोन शब्दांत मी तिची मुलगी असायची. दुपारी घरी फोन केला की मी कोण ते तिला सांगावं लागायचं, आणि संध्याकाळी ती माझ्याशी एखाद्या भाडेकरणीशी बोलावं तसं जपून बोलायची. मला दुसरं काही नको होतं. ते सकाळचे दोन शब्द टिकावेत, एवढंच हवं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला काम द्या, फोटो दाखवा, औषध वेळेवर जाऊ द्या. भावाने त्यातून कॉम्प्युटर काढला. मोबाईल तिने दोनदा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता, तेव्हा उचलता येणार नाही असं काहीतरी हवं, हे त्याचं म्हणणं खरं होतं. त्याने मोठ्या पडद्याचा, बोट लावलं की चालणारा निवडला आणि फोनवर मला सतरा सॉफ्टवेअरची यादी पाठवली. "ताई, एवढं काय त्यात, डाउनलोड कर आणि बघ ना. आवडलं नाही तर काढ." बोरीवलीहून सगळं सोपं दिसतं. मी त्याला तसं म्हटलंही.

पडदा टीव्हीच्या जागी बसवला. आईने समोरच्या खाटेवरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्या कोणाचा?"

"तुझंच आहे," मी म्हटलं.

"माका नको," ती म्हणाली. ह्या सगळ्या प्रकरणात शहाणं वाक्य तेवढंच होतं.

पहिलं सॉफ्टवेअर स्मरणशक्तीच्या खेळाचं. पालथी पानं उलटायची, दोन सारखी सापडली की टाळ्या. पानांवर चित्रं होती बर्फाच्या माणसाची, घसरगाडीची, कसल्या कसल्या लाल-निळ्या बोरांची. जे आईने उभ्या जन्मात पाहिलं नाही ते ती आठवणार कुठून? तिच्यापुढे फणस, सुपारी, खाडीतली करंदी ठेवली असती तर निदान तिने हात तरी पुढे केला असता. मी तसं काही मिळतंय का म्हणून खूप शोधलं. मिळालं नाही. आई खिडकीतून समोरच्या कंपनीच्या भिंतीकडे बघत बसायची आणि दिवसभर तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी तो खेळ खेळायच्या. मावशी माझ्याच वयाच्या, मागच्या चाळीतल्या. आठवड्याभरात त्या सगळ्यात वरच्या पायरीला पोचल्या. "ताई, माझी मेमरी झकास झाली बघा," असं मला अभिमानाने सांगायच्या. मला हसू यायचं आणि रागही.

दुसरं फोटोंचं. घरातले सगळे फोटो मी स्टुडिओत नेऊन कॉम्प्युटरमध्ये घालून आणले. ते सॉफ्टवेअर आपणहून चेहरे ओळखायचं आणि प्रत्येक माणसाचा वेगळा गठ्ठा लावायचं. माझे आणि आईचे फोटो त्याने एकाच गठ्ठ्यात टाकले. आईचा तिशीतला चेहरा आणि माझा तिशीतला चेहरा शेजारी शेजारी ठेवून ते विचारायचं, ही दोन्ही एकच व्यक्ती आहे का? मी 'नाही' वर बोट ठेवायची. दोन दिवसांनी ते दुसरी जोडी काढून पुन्हा विचारायचं. शेवटी मी विचारणं बंद करायचं बटण शोधलं. आई ते फोटो बघायची, पण लग्नातल्या पाहुण्यांकडे बघावं तसे, आदराने आणि लांबून. बाबांच्या फोटोपाशी एकदा थांबली. मला वाटलं, ओळख पटली. तर म्हणाली, "गृहस्थ बरो दिसता." चाळीस वर्षं त्या गृहस्थाला ती डबा भरून देत होती, आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर इथल्या कारखान्यात गेटवर.

तोवर गोळ्यांची पंचाईत सुरू झाली. ब्लडप्रेशरची गोळी दुपारी एकला घ्यायची असायची. मावशींच्या हातून ती घेईना. रविवारी मी दिली तर माझ्याही हातून नाही. तोंडात धरून ठेवायची आणि मग गुपचूप खिडकीच्या गजात ठेवायची. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मला ती भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. दवाखान्यात सकाळी दारातून ऑफिसला निघणारं कुणी नसतं. तिथे तिने मला विचारावं तरी काय?

म्हणून तिसरं सॉफ्टवेअर घेतलं, आठवण करून देणारं. सतरापैकी हे नव्हतं, मी स्वतः शोधलं होतं, त्यामुळे त्याचा मला जरा जास्तच भरवसा. ते मराठी बोलायचं. वेळ झाली की पडदा उजळायचा, नावाने हाक यायची आणि मग, औषधाची वेळ झाली आहे, समोरच्या वाटीतली गोळी घ्यावी. तीन आवाज होते, त्यातला वयस्कर बाईचा मी निवडला. मुख्याध्यापिकेसारखा होता, पण प्रेमळ. त्यात एक रकाना होता, ह्या व्यक्तीला कोणत्या नावाने हाक मारावी? मी विचार न करता आईचं नाव भरलं. रेशनकार्डावर, लाइटच्या बिलावर, बाबांच्या पेन्शनच्या कागदांवर जे आहे ते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मी घरी थांबले. एक वाजता पडदा उजळला आणि त्या बाईने आईला नावाने हाक मारली. आई ढिम्म. पुन्हा हाक. आईने माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "त्यांका सांगा, ती घरात नाय. बाजारात गेली असात."

चार दिवस हेच चाललं. ती बाई बोलवत राहायची आणि आई दर वेळी घरात नसलेल्या त्या बाईच्या वतीने सभ्यपणे काहीतरी सांगायची. पाचव्या दिवशी ताक घुसळताना माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला स्वतःचीच इतकी चीड आली की ताकाचं भांडं मी आदळलं. त्या नावाने तिला हाक मारली होती कुणी? बाबा 'अगो, ऐकलंस?' म्हणायचे. आम्ही आई म्हणायचो. शेजारी माझ्या नावापुढे 'ची आई' लावायचे. आजी 'सुनबाय' म्हणायची. ते नाव लग्नाच्या दिवशी बाबांनी अंगठीने ताटातल्या तांदळात लिहिलं, त्यानंतर ते फक्त कागदांवर राहिलं. आई आता लग्नाच्या आधीच्या काळात जाऊन बसली होती. तिथे ती कोणी दुसरीच होती. आणि त्या दुसरीचं नाव काय, हे आम्हा दोन भावंडांना माहीत नव्हतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला चोपन्न वर्षं ठाऊक होतं. पण आपल्या आईचंही बदललं असेल, तेव्हा आधी काहीतरी असणारच, हे विचारावंसं वाटलं नाही. शाळेत आईचं नाव लिही म्हटलं की लिहायचं, संपलं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "वाट लागली! मला तर ते डोक्यातच आलं नाही. अगं, पण आईचं नाव आईच असतं ना यार." तो चेष्टा करत नव्हता.

आईलाच विचारून पाहिलं. "तुझं नाव काय गं?" तिने पदर घट्ट ओढून घेतला. "परक्या माणसाक नाव सांगूचा नाय," ती म्हणाली. "आवस वराडतली." लहानपणी तिला तिच्या आईने तसं बजावलं असणार, आणि ती ते इतक्या वर्षांनी पाळत होती. मी परकी आहे हे तिने सहज सांगून टाकलं, त्याचं मला तेव्हा वाईट वाटायला वेळ नव्हता. मी कामाला लागले होते.

मामा वारले होते, सख्खी मावशी कुणी नव्हती. आई शाळेत गेलीच नव्हती, म्हणून दाखला नाही. जन्माची नोंद कोण करतंय त्या काळी, खाडीपलीकडच्या वाडीत, आणि तीही मुलीची? मी आणि भावाने मिळून महिनाभर गावाकडे फोन लावले. कुणी म्हणायचं बाप्पाच्या नावावरून होतं काहीतरी, कुणी म्हणायचं नदीचं होतं. शेवटी आईच्या चुलत बहिणीचा पत्ता लागला. ती आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, कानाने पार गेलेली. तिची सून फोन धरून माझा प्रश्न तिच्या कानात ओरडत होती. पलीकडे बराच वेळ कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग म्हातारीने एक नाव घेतलं. सुनेने ते मला सांगायची गरज नव्हती, मी ऐकलं होतं. म्हातारी पुढे विचारत होती, "तिका कशाक होया ता नाव? लग्नामागसून ता कोणी घेवक् नाय."

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते फार साधं आहे, दोन अक्षरांचं, पण ते माझ्यासाठी नव्हतंच.

रविवार होता. मी रकान्यातलं जुनं नाव खोडलं आणि नवीन भरलं. नवीन म्हणजे जुन्याहून जुनं. भाऊ मुद्दाम आला होता. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो, दहावीचा निकाल ऐकायला थांबावं तसे. एक वाजला. पडद्यावरच्या बाईने ते नाव घेतलं.

आई खाटेवरून उठली. ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी जेरीस आलेली माझी आई कुणाचा हात न धरता उठली. "ओ!" ती म्हणाली. "इलंय गे!" आवाज तिचा नव्हता, पातळ होता, लांबून धावत आल्यासारखा. ती पडद्यापाशी गेली, वाटीतली गोळी घेतली, पाणी प्यायली, आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. भाऊ तोंड फिरवून रडायला लागला. मी पण रडले. त्या दिवशी आम्ही श्रीखंड आणलं, हे सांगायला आता लाज वाटते.

गोळ्या सुरळीत झाल्या. सकाळची, दुपारची, रात्रीची. जेवणालाही ती त्याच हाकेवर यायला लागली, आंघोळीलाही. मावशी म्हणाल्या, "ताई, माझं अर्धं काम ह्या बाईने घेतलं." डॉक्टरांनी पट्टा बांधून प्रेशर पाहिलं आणि म्हणाले, उत्तम. मला ऑफिसात बसून फोनवरून वेळा बदलता यायच्या. त्या सतरा आणि ह्या एका सॉफ्टवेअरपैकी उपयोगाचं कोणतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि एक-दोघांना मी ते दिलंही.

साधारण तीन आठवड्यांनी मी सकाळी चपला घालत होते आणि आई दारात आली नाही. मी थांबले. मुद्दाम किल्ल्या वाजवल्या. ती खाटेवर बसून पडद्याकडे बघत होती.

"आई, निघते मी," मी म्हटलं.

तिने वळून पाहिलं, खरोखर संकोचून. "बरां," ती म्हणाली. "सावकाश जावा." मला अहोजाहो. घरी आलेल्या बाईला करावं तसं.

मला वाटलं एखादा दिवस. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसले. ती त्या नावाच्या अलीकडे-पलीकडे हेलपाटे घालत होती तोवर सकाळी दोन मिनिटं माझ्या वाट्याला येत होती. मी दिवसातून सहा वेळा, घड्याळ लावून, तिला तिकडे बोलावलं. तिकडे तिला आई होती, वाडी होती, खाडी होती. पोरं नव्हती. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला चोपन्न वर्षांची मुलगी कशी असेल?

मी रकान्यातलं नाव काढलं. पुन्हा कागदावरचं घातलं. दोन दिवस तिने गोळी घेतली नाही, जेवली नाही, आणि दुपारी त्या हाकेची वाट बघत पडद्यासमोर उभी राहिली ती पाय सुजेपर्यंत. मावशींनी मला ऑफिसात फोन केला. "ताई, त्या विचारतायत, आई रागावली काय माझ्यावर." मी फोनवरूनच नाव परत बदललं. पलीकडून मला ऐकू आलं, "इलंय गे!"

डॉक्टर म्हणाले की हे असंच व्हायचं होतं, नावाचा काही संबंध नाही, आजार पुढे सरकतोच. भाऊही तेच म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाले दोघंही. मी ऐकून घेतलं. नाव न शोधता गोळ्या गेल्या नसत्या आणि काहीतरी वाईटच झालं असतं, हेही मला कळतं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. पण वीट डोक्यात बसलेल्याला ती मऊ लागत नाही.

आता भावाने यादी पाठवणं सोडलं आहे. फोटोंचं मी काढून टाकलं. पडद्यावर तेवढं एकच राहिलं आहे, आणि ते चोख चालतं. मी पूर्वी सकाळी वेळेवर निघायची, आता रेंगाळते, बस चुकवते. आईच्या शेजारी खाटेवर बसते. तिला आवडतं कुणी बसलेलं. ती मला खाडी पार करणाऱ्या तरीबद्दल सांगते, शेतातल्या कुणा आंधळ्या बैलाबद्दल सांगते. लग्नानंतरच्या सगळ्या आयुष्यात तिने मला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. मी ऐकते, कारण ऐकण्यासारखं आहे, आणि कारण दुसरं काही करता येत नाही.

परवा अशीच बसले होते. तिने माझी वेणी हातात घेतली, पांढरे केस निरखून पाहिले. मग जरा जवळ सरकून, मोठ्या माणसाला विचारावं की नाही अशी भीत भीत, तिने विचारलं, "तुमची आवस असा?"

मी म्हटलं, "होती."